हिरवा

सह्या तर सकाळीच झाल्या होत्या,
रबाळ्याच्या त्या कारखान्यात, मॅनेजरच्या खोलीत,
चहाचे कप बाजूला सरकवून.
फोटोसाठी दुपारी पुन्हा टेबल मांडलं.
टेबल गावच्या शाळेचं. हेडमास्तरांनी
त्यावर कोरलेली नावं झाकायला चादरही दिली.

पाहुण्यांच्या देशाचा झेंडा कुणाकडेच नव्हता.
दिघ्याच्या इनायत टेलरांनी तो रात्रीत शिवला.
निळं साटीन संपलं, म्हणून हिरवं लावलं.
तात्या चौबळ म्हणाले, चालतंय,
कॅमेऱ्याला दोन्ही करडेच.

मी सतरा वर्षांचा. फ्लॅशची बॅटरी खांद्यावर.
तात्या म्हणाले, हसा.
दुभाष्या मिस रेमेडियोस यांनी ते पोचवलं,
मग पाहुणे हसले.
अजून एक, साहेब.
हात सोडले, पुन्हा धरले.
तिसऱ्या वेळी पेनाचं टोपण काढायचं राहिलं.
तोच फोटो चांगला आला.

रात्री चरईच्या डार्करूममध्ये
ट्रेमधल्या पाण्यातून आधी त्याच वर आल्या,
दोघांच्या मधोमध, तोंड अर्धं उघडं,
कुठल्या भाषेतला शब्द अडकला होता कोण जाणे.
खात्याचा माणूस म्हणाला, मध्ये बाई नको.
ब्रशचं टोक मी जिभेवर ओलं केलं
आणि त्यांची भिंत केली.
खुर्चीच्या पाठीवर बोटं राहिली, चार.
तात्यांनी पाहिली.
काही बोलले नाहीत.

परवा वाशीला प्रदर्शनात तो फोटो
दारातच लावलेला, माझ्याहून उंच.
कुणीतरी कॉम्प्युटरवर रंग भरलेत.
पाहुण्यांचे गाल गुलाबी,
आपल्या साहेबांचा कोट त्यांनी कधी न घातलेल्या रंगाचा.
खाली पाटी : करारावर सह्या होत असताना.
आणि झेंडा निळा.
पुस्तकात असतो तसा, अगदी बिनचूक.

मी नातीला म्हटलं, हा हिरवा होता गं.
तिनं लगेच फोनवर तो देश काढला,
आबा, बघा ना, निळाच आहे.
बरोबर आहे तिचं.
इनायतभाई गेले, तात्या गेले,
त्या साटीनचा तुकडाही कुठं उरला नसेल.
हिरवा आता माझ्या एकट्याच्या बोलण्यात.

मग चष्मा पुसून जवळ गेलो.
खुर्चीला छान सागवानी रंग दिलाय,
आणि बोटांनाही तोच,
नक्षी समजून.

जिभेवर अचानक शाई आली.
नात म्हणाली, पाणी हवंय का?