शुक्रवारचा डबा

रविवारी अकराच्या आत मी आठवडा शिजवून ठेवते.
अकरानंतर मे महिन्यातल्या भुसावळात
ओट्यालाच फोडणी बसेल, गॅस कशाला.

सहा डबे. काचेचे, चौकोनी, निळ्या झाकणांचे.
जळगावहून आणले तेव्हा मांडीवर घेऊन बसले होते एसटीत,
खड्डा आला की डब्यांआधी माझाच जीव वाजायचा.
तायडेकाकू म्हणाल्या, माय व, काचेत लोणचं घालावं,
भाजी काय दाखवायची वस्तू आहे?

आहे, काकू. आमच्याकडे आहे.
हेमराज मालगाडीवर गार्ड. तो पहाटे तीनला येतो,
मी तेव्हा झोपलेली, नाहीतर लॅबमध्ये
कुणाचं तरी रक्त काचेवर पसरत असते.
स्टीलच्या डब्याला विचारावं लागतं, तुझ्यात काय आहे म्हणून,
आणि विचारायला, सांगायला
आमच्यात एका वेळी एकच जण जागा असतो.

झाकणाच्या पट्टीवर मी वार लिहिते,
नमुन्याच्या बाटलीवर लिहिते तसा, निळ्या पेनाने.
सोमवार, दाल गंडोरी.
मंगळवार, फुनके. कढी वेगळी, खालच्या कप्प्यात.
बुधवार, भरीत. वांगी हंगामाबाहेरची, बिया आहेत, चालवून घे.
तो पट्टीवरच उत्तर लिहितो.
मीठ?
किंवा नुसतं, खाल्लं.
एकदा, भाजीशी काहीच संबंध नसलेलं:
खंडव्याच्या पुढे चांगला वारा होता.
ती पट्टी मी काढली नाही, दोन-तीन धुण्यांत गेली.

मग त्या मंगळवारी साडेसातला कोपऱ्यावरची डीपी जळाली.
वायरमन खाली उभा राहून वर बघत राहिला,
म्हणाला, सकाळ होईल.
नऊ वाजेपर्यंत फ्रिजला माणसासारखा घाम.
हेमराजला त्या रात्री कॉल नव्हता, मला सुट्टी,
दोघं बॅटरी धरून उभे, चोरी करायला आल्यासारखे.
यातलं काय टिकेल?
काही नाही, मी म्हणाले. जंतूंवरच माझं पोट आहे.

सगळा आठवडा आम्ही गच्चीवर नेला.
काकू भाकरी घेऊन आल्या, कळण्याच्या, टोपलीभर,
त्यांचे दोघे मुलगे, वरच्या खोलीतला यावलचा पोरगा,
कांद्याला बुक्की मारायला वायरमनसुद्धा.
बुधवार इकडे सरकवा.
गुरुवार जपून, पातोड्यांचा रस्सा आहे, तिखट.
शनिवार कुणी संपवला? अजून शुक्रवार झाला नाही!
यावलच्या पोराने मोबाइलचा दिवा डब्याखाली ठेवला
आणि रस्सा पेटला, लाल, तर्रीसकट,
भिंतीवर आमच्या सगळ्यांच्या हातांच्या सावल्या.
काकू काही बोलल्या नाहीत.
पण बराच वेळ त्या डब्याकडे बघत घास चावत होत्या.

मी हेमराजकडे बघत होते.
भरीत तो कडेने खात येतो, मधलं शेवटी,
फुनका आधी फोडून आत बघतो, मगच कढी घेतो.
दीड वर्षं मला फक्त रिकामे डबे माहीत होते,
किती खाल्लं ते कळायचं, कसं ते नाही.
तो म्हणाला, काय बघतेस?
म्हटलं, बियांचं बघतेय, लागतात का.

बुधवारी साडेअकराला लाइट आली.
फ्रिजमध्ये दूध, लिंबू, आणि आतला तो दिवा,
कुणासाठीही नाही असा.
तीन दिवस खिचडी. आणि डबे पाचच.

सहावा शनिवारी संध्याकाळी आला. मी ड्यूटीवर होते.
काकूंकडे बिबड्या घालायला घेतल्या होत्या,
भांडं काय रिकामं परत करायचं असतं का,
म्हणून ज्वारीचा घाटा भरलेला, गरम गरम,
वरून तेल, तीळ, काचेला आतून वाफ.
माझ्या पोराने तो तसाच फ्रिजमध्ये ढकलला.

रविवारी सकाळी मी वांगी घेऊन आले,
डबा धुऊन पालथा, झाकण शेजारी.
निळ्या शाईतलं माझं शुक्रवार
आणि खाली पेन्सिलने, पहाटे तीनच्या अक्षरात:
हा कुठला वार? परत कधी येतो?