भरतीचं वेळापत्रक

बाबांना ब्लॅकपूलला न्यायचं ठरलं होतं.
पाहुणा आला की सगळे तिकडेच नेतात.
प्रेस्टनहून अर्ध्या तासाचा रस्ता,
मग गाडी लावायला पाऊण तास.
मागच्या ऑगस्टात तिथे मी समुद्र पाहिला
तो कुणाच्या तरी खांद्यावरच्या पोराच्या
दोन चपलांच्या मधून.

म्हणून या खेपेला उत्तरेला वळलो.
गाड्या कमी होत गेल्या, मेंढ्या वाढत गेल्या,
पाट्यांवर कधी न ऐकलेली गावं,
आणि रस्ता संपला तिथे सिलथ.

फरसबंद रस्ते, इतके रुंद
की बैलगाडी एका दमात वळावी.
धक्क्याशी पिठाची गिरणी, अजून चालू.
समोर भलंमोठं हिरवं मैदान,
त्यावर एक कुत्रा, तोही कंटाळलेला.
झाडं सगळी एकाच अंगाला कललेली,
वाऱ्याचं ऐकून ऐकून.

"अन् समुद्र कुठी हाय वो?"
खरंच नव्हता.
जिथे असायला हवा तिथे मैलभर चिखल,
धुऊन ठेवलेल्या पाट्यासारखा लकाकत,
आणि पार पलीकडे स्कॉटलंडचा एक डोंगर
गुडघाभर धुक्यात उभा.

मिसेस अर्विंगना विचारलं, खोलीची किल्ली घेताना.
त्यांनी भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवलं :
"साडेचारला येईल."

बाबा ताठ झाले.
एकतीस वर्षं अकोट डेपोत वाहतूक नियंत्रक,
त्यांना हे इंग्रजी दुसऱ्यांदा ऐकावं लागलं नाही.
मनगटावरचं घड्याळ त्यांनी
त्या बाईंच्या घड्याळाशी जुळवून घेतलं.

चारलाच जाऊन बसलो.
बाकाला पितळी पट्टी : हिल्डा स्टॉबर्ट,
तिला इथे बसायला आवडायचं.
"मेल्यावर बाकडं भेटते इथं?" बाबा म्हणाले,
आणि हिल्डाबाईंसाठी थोडी जागा सोडून सरकले.
डब्यात पोळी आणि ठेचा. थर्मासचा चहा कोमट.
रबरी बूट घातलेला एक म्हातारा
चिखलातून बादली घेऊन परत येत होता, सावकाश,
मागे न बघता,
जसं त्यालाही वेळ पाठ होती.

मग आला.
लाट नाही, गाज नाही.
चिखलातल्या नाळींतून आत शिरत,
लुगड्याचा काठ भिजून ओल वर चढावी तसा.
पक्षी उठले, जरा मागे जाऊन बसले,
पुन्हा उठले.
आम्ही बोलत नव्हतो.
बाबांचे ओठ हलत होते, काहीतरी मोजत असावेत.
बघता बघता डोंगराचे पाय पाण्यात.

बाबांना आईची आठवण आली असेल का,
मी विचारलं नाही.
तिनं समुद्र एकदाच पाहिला, कॅलेंडरवर.

रात्री मासे-बटाटे खाऊन परतलो
तर मिसेस अर्विंग जिन्याखाली उशांना अभ्रे घालत होत्या.
मी म्हटलं, किती शांत आहे गाव,
कुणाला सांगणार नाही मी, असंच राहू दे.
त्यांनी अभ्र्यात हात घालून कोपरा काढला.
"सगळे असंच म्हणतात," त्या म्हणाल्या.
"सांगा हो.
नोव्हेंबरात मी पाच खोल्यांना कुलूप लावते
आणि सहावीत स्वतः झोपते,
एकाच हीटरचं बिल यावं म्हणून."

मला माझ्याच शब्दांची लाज वाटली.
शांतता मी पाहुणी म्हणून जेवत होते,
भाडं त्या भरत होत्या.

सकाळी निघताना टेबलावर अभिप्रायाची वही.
आमच्या आधीचं नाव अकरा दिवसांपूर्वीचं.
बाबांनी पेन मागितलं, पट्टी मागितली,
रकाने आखले,
आणि डेपोतल्या त्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं,
जे त्या घरात कुणालाच वाचता येणार नाही :

समुद्र. नियोजित वेळ १६.३०.
प्रत्यक्ष आगमन १६.३४.
प्रवासी : दोन.
शेरा : जागा भरपूर. फेरी चालू ठेवावी.