चौदावरून सोळा

ब्रनो शहरात, स्वितावा नदीच्या काठी,
जुन्या लोकरगिरणीत आमचं ऑफिस.
तिसऱ्या मजल्यावर पूर्वी माग होते.
आता अकरा टेबलं, अकरा कीबोर्ड
आणि विमवाले विरुद्ध ईमॅक्सवाले
हा पिढीजात दावा.

मी विमवाली.
ओतकार आला त्या दिवशी त्यातून बाहेर कसं पडायचं
ते त्याला मीच शिकवलं.
तेव्हापासून तो मला गुरू मानतो
आणि वापरतो भलतंच काही,
जे उघडेपर्यंत कॉफी होते, पिऊनही होते.

व्लास्तिमिल कुणाच्याच बाजूचा नव्हता.
म्हणायचा, एडिटर म्हणजे सपाता.
दुसऱ्याच्या घालून बघाव्यात, चालावं आपल्याच.
तो ऑफिसात खरोखरच सपाता घालून बसायचा,
तपकिरी, एका अंगठ्याशी फाटलेल्या.

फॉन्टच्या बाबतीत मात्र त्याचं सोवळं कडक.
नवा फॉन्ट आला की एकच ओळ टाइप करायचा:
शून्य, मोठा ओ, एक, छोटा एल, मोठा आय
आणि शेवटी बायकोचं नाव, बेद्रिश्का.
शून्याच्या पोटात टिंब हवं.
तिरकी रेघ चालेल, नाइलाज म्हणून.
रिकाम्या पोटाचं शून्य त्याला खपत नसे.
"ब्याण्णव साली एका ओनं शून्याचं सोंग घेतलं
आणि चारशे माणसांचा पगार अडला."
आणि बेद्रिश्कातल्या आरच्या डोक्यावर
आमच्या भाषेत जी बारकी खूण असते,
लांब उडालेल्या पाखरासारखी,
ती वरच्या ओळीला चिकटली की संपलं.
फॉन्ट बाद.
"माझ्या बायकोच्या डोक्यावर कुणी पाय देतंय."

आम्ही हसायचो.
आमची भांडणं मोठी होती:
पडदा काळा की पांढरा, टॅब की स्पेस,
दोन चिन्हांचं जोडाक्षर करून
बाण दाखवणाऱ्या फॉन्टवरून तर
दोघे जण आठवडाभर बोलले नाहीत.

मार्चमध्ये तो निवृत्त झाला. केक होता.
त्याचं मशीन माझ्याकडे आलं.
पुसण्याआधी सेटिंगची फाइल उघडली.
प्रत्येक बदल तो नोंदवून ठेवायचा,
तारखेसकट, कारणासकट.

अकरावरून बारा. कारण: नवा मॉनिटर.
बारावरून चौदा. कारण: खिडकीतून ऊन येतं.
चौदावरून सोळा. कारण: ओतकार मागून बघतो, त्याला दिसावं.
सोळावरून वीस.
वीसवरून अठ्ठावीस. पडदा काळा.
छत्तीस.

छत्तीसच्या आकारात पडद्यावर नऊ ओळी मावतात.
मी मोजल्या.
नऊ ओळींच्या झरोक्यातून तो
आमचं चाळीस हजार ओळींचं घर झाडत होता,
आणि आम्हाला वाटायचं,
म्हातारा पडद्याला नाक लावून बसतो
तो हट्ट म्हणून.

शेवटची नोंद फेब्रुवारीतली. आकडा तोच.
फक्त फॉन्ट बदललेला.
कारण: यात तिचं नाव अजून वाचता येतं.

मशीन पुसलं. फाइल ठेवून घेतली.
ओतकारला सांगायचं म्हणते, आणि राहून जातं.

काल रात्री मी माझ्या बाराचे तेरा केले.
कारण लिहायच्या जागी कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.
मग लिहिलं: खिडकीतून ऊन येतं.

आमच्या मजल्याच्या सगळ्या खिडक्या
उत्तरेला आहेत.