कुठला पांढरा

ताम्हिणी चढून आली ती, टेम्पोत पालथी,
पोटाला नायलॉनचा दोर, कडेला वाळलेलं शेवाळ.
धायरीच्या चढावर पोरं मागे धावली:
"ओ काका, पुण्यात कुठं बुडवणार हिला?"

आमची शेड पाण्याच्या टाक्यांची. कचराकुंड्या, घसरगुंड्या,
एकदा एका मंगल कार्यालयासाठी हत्ती,
सोंडेतून गुलाबपाणी उडवणारा.
होडी पहिलीच.
मालकीणबाई दातांच्या डॉक्टर, बिबवेवाडीच्या, गंधाली रिसबूड.
मुरुडहून जुनी घेतली, म्हणाल्या,
रविवारी खडकवासल्यात शीड लावायचं.
किंमत ऐकून मी चहा मागवला.

हात फिरवला. तळव्याला खडू आला,
वर्गाबाहेर डस्टर झटकावं तसा.
हा जेलकोट. नखाएवढी कातडी, खाली सगळं फायबर.
वीस वर्षं उन्हानं चाटलेली.
म्हाळूनं रुपया घेऊन वाजवायला सुरुवात केली:
टण्, टण्, टण्,
नाकाशी एकदम भद्द.
बाई वाकून ऐकत होत्या. "आम्हीही असंच वाजवतो."

तिथं बारीक भेगांचं जाळं.
भेग बुजवायची तर आधी रुंद करावी लागते,
कीड लागलेलं सगळं उकरून, घट्ट लागेपर्यंत.
गिऱ्हाइकाला हे पटवताना माझा घसा बसतो.
बाईंनी नुसती मान हलवली
आणि पर्समधून एक पट्टी काढली,
सोळा खोटे दात, सोळा पांढरे.
होडीला एकेक लावून बघू लागल्या.
म्हाळू हसत हसत बाहेर गेला.

मागच्या फळीवर नाव होतं. खरवडून काढलेलं,
तरी तिरप्या उजेडात वाचता येई: मालन.
अक्षरांची चिकटपट्टी होती तिथं ऊन पोचलंच नव्हतं.
पहिल्या दिवसाचा पांढरा तिथं तसाच,
बाकी होडी दुधावरच्या सायीची.
मी म्हटलं, बाई, कुठला पांढरा जुळवू?
हा का तो?
"नवा नको," त्या म्हणाल्या. "एकच दात चमकला
की बाकी सगळे म्हातारे दिसतात."

मग पिवळ्याचा थेंब, काडीच्या टोकावर तपकिरी,
पाच कप, पाचही चुकले.
ओला दिसतो तो वाळल्यावर राहत नाही.
सहावा जमला, तर म्हाळू वरून प्लास्टिक लावायला विसरला.
हवा लागली की जेलकोट वाळतच नाही, रुसल्यासारखा चिकट.
सकाळी त्यात एक चिलट, पंख पसरून.
परत उकरलं. परत भरलं.
हार्डनर दोन टक्के, पण डिसेंबरात त्यालाही
लवकर जाग येत नाही, हॅलोजन लावून बसलो.

मग पाणी आणि कागद.
चारशे, सहाशे, आठशे,
हजारावर आवाज बदलतो, खरखर जाऊन नुसती सळसळ,
पंधराशेला बोटं विचारतात, चाललंय का काही?
मालनशी हात थांबवला.
अजून चार फेऱ्यांत गेली असती ती,
पण तिच्यासोबत कातडीही, आणि खालचे धागे उघडे.
तिथं फक्त मेण लावलं.

नवं नाव बाई छापूनच घेऊन आल्या: अक्कलदाढ.
चिकटवलं. मधल्या फटींतून मालन जराशी डोकावतेच.
"राहू दे," म्हणाल्या. "पूर्वीचं कोणीतरी असतंच तोंडात."

बिलातले थोडे राहिले होते.
मी हसलो तेव्हा त्यांना माझी वरची डावी दिसली,
म्हणाल्या, उरलेले तिथं फेडते.
आता खुर्चीत आडवा पडलोय, डोळ्यांवर दिवा,
तीच पट्टी ओठांशी.
आरशाच्या दांड्यानं त्या दातांवर ठोकतायत.
टण्. टण्.
पंचवीस वर्षांची तंबाखू आहे, डॉक्टर,
शेजाऱ्यांना शोभेल असा बघा.
हे म्हणायचं होतं,
पण तोंडात कापूस.