साबणाचा गोल

ऑगस्टची थंडी. रिवेराचं मैदान.
फाटकाशी मी, हातात ते तापमापकाचं पिस्तूल.
पोरं रांगेत, खडूच्या फुल्यांवर,
मधे दोन-दोन हात मोकळे.
पहिल्याचं कपाळ : चौतीस.
दुसऱ्याचं : तेहेतीस पूर्णांक सहा.
वाऱ्याने गारठलेली कपाळं ती.
यंत्राचं ऐकायचं तर
आमचा अकरा वर्षांखालचा अख्खा संघ
केव्हाच थंड पडलेला.
मी वहीत लिहिते : ठीक.

पाच महिने इथे कोणी धावलं नाही.
गवत घोट्यापर्यंत माजलं,
गोलच्या आडव्या दांडीवर होर्नेरो पक्ष्याने
चिखलाची भट्टी बांधली, संसार केला, उडून गेला.
काढायला कोणाचा हात धजला नाही.
म्हणून ठरलं : घरट्याला लागला तर दांडीला लागला.

कुंपणाला एक भोक होतं.
तीस वर्षं इलारिओने त्याकडे पाठ करून तिकिटं फाडली.
या गावात कोण त्यातून आलं नाही?
मीसुद्धा आले, फ्रॉक फाटला, आईचा मार खाल्ला.
आता आत फक्त चाळीस माणसं.
काल इलारिओ पक्कड घेऊन बसला, तारेला पीळ देत राहिला
आणि कोणाशी बोलला नाही.

रस्त्यापलीकडचा संघ यंदा नाही.
रस्त्यापलीकडे ब्राझील आहे,
एरवी आम्हाला ते आठवतही नाही.

आजोबा-आज्या कुंपणाबाहेर, गाड्यांमध्ये, काचा वर.
प्रत्येकाच्या हातात आपापला माते.
एक भोपळा, एक नळी, तोच कडू घोट सगळ्या बाकावर फिरायचा,
नळी पुसणं म्हणजे अपमान.
आता ज्याचा त्याचा, जो तो एकटाच ओढतो.
रोहेलिओचा भोपळा क्लबच्या कपाटात आहे.
मे महिन्यापासून कोणी उघडलेलं नाही ते कपाट.
किल्ली माझ्याकडे आहे.

मध्यंतराला चेंडू बादलीत बुडवायचा,
हे माझंच काम. मी मनापासून केलं.
जरा जास्तच मनापासून.
दुसरा डाव सुरू, त्यांच्या पोराने लांबून मारलेला
बावळट, लोळत आलेला फटका,
नाइयाराने खाली वाकून छातीशी घेतला
आणि चेंडू मासळीसारखा सुळकन
तिच्या कोपराखालून आत.
जाळीवर फेस.

मग जे काही झालं!
आमचा प्रशिक्षक म्हणे, गोल नाही.
त्यांचा म्हणे, चेंडू दोघांनाही सारखाच ओला.
पंच सिल्वाना बाईंनी खिशातली सूचनांची अकरा पानं काढली.
शिंकेबद्दल होतं, थुंकीबद्दल होतं,
बुटांच्या तळव्यांबद्दलसुद्धा होतं.
साबणाबद्दल अक्षर नाही.
सगळे माझ्याकडे बघू लागले.
मी बादलीकडे.

गोल दिला.

ज्याने मारला तो हात पसरून धावला,
त्याच्यामागे बाकीचे सहा, आणि मग
एक हातावर येऊन सगळे थबकले.
पसरलेल्या हातांचं काय करायचं
हे अकरा पानांत होतं, त्यांना शिकवलंही होतं,
पण आठवलं नाही कोणाला.
एकाने गुडघे खाजवले.
एक नुसताच उड्या मारत राहिला, जागच्या जागी, बराच वेळ.
बाहेरच्या गाड्यांनी भोंगे वाजवले,
आमच्यासुद्धा.

नाइयारा खांबाशी बसून रडत होती.
मास्क ओला, नाकाला चिकटलेला.
तिची आई तारेपलीकडे, गाडीत.
मी चालत गेले, दोन हातांवर उभी राहिले.
म्हटलं, पोरी, चूक तुझी नाही, माझ्या हाताची आहे.
ती म्हणाली, माहिताय मला.
आणि हातमोजे माझ्या पायांशी टाकले :
हे धुऊ नकोस.

तीन-एक. हरलो.
संध्याकाळी वहीत हिशेब लिहिला :
मुलं चौदा, ताप कोणालाच नाही,
साबण अर्धा किलो.
इलारिओ अजून कुंपणाशी, वाकून.
वाटलं, तार सोडतोय.
जवळ गेले तर बोटांनी मोजत होता तो,
भोक किती रुंद होतं,
पुन्हा पाडायचं झालं तर.