उतरता रंग

स्पर्धेच्या आदल्या रात्री, घणसोलीत,
हात अंगापासून लांब धरून मी उभी,
काठीवर वाळत घातलेल्या बोंबलासारखी.
आठ तास पाणी नाही, घाम नाही.
जुनी चादर, आत्याचा सैल गाऊन.

"पैसे देऊन काली झालीस गो?"
हिनंच दर रविवारी बेसन-हळदीनं
माझी मान घासली होती.
मळ नव्हताच तिथे.

चौथा नंबर आला.

आता रंग उतरतोय.
घासायचं नाही, टॉवेलनं टिपायचं,
सकाळ-संध्याकाळ लोशन, खोबरेल मुळीच नाही.
नाहीतर आधी कोपरं सोडतात, मग घोटे,
आणि बाई दिसते
खाडीकडच्या भिंतीसारखी, पोपडे आलेली.

दंड फुगल्यापासून
पाठीपर्यंत माझा हात पोचत नाही.
आत्या लोशन घेऊन मागे बसते.
चोळत नाही, नुसती बोटं फिरवते,
मानेवर जरा जास्त वेळ.

"आतला तुजाच निंगाला गो," म्हणते,
आणि बराच वेळ काहीच नाही.
मग, बाटलीचं झाकण लावताना,
"बरा व्हता."

चादर अजून धुवायला गेलेली नाही.
तिच्यावर मी आहे, तपकिरी,
हात लांब.