चालतो की नाही

अर्धा मोडेम दुकानात तीनशेला मिळतो.
अर्धाच.
उरलेला अर्धा विंडोजच्या पोटात असतो
आणि माझ्या मशीनवर मी लिनक्स टाकलेलं.
हे कळायला तीन रविवार गेले,
एक स्क्रू हरवला,
चिपवरचा नंबर कुणीतरी खरवडून ठेवलेला,
भिंगाखालीही नुसती धूळ.

आबा खाटेवरून बघायचे.
आधी मशीद बंदर, मग वाशीचं मसाला मार्केट,
मान डावीकडे कलली ती कलली.
‘अडलंय कशात?’
ड्रायव्हर मिळत नाही.
बराच वेळ गप्प. मग,
‘गाडी भरलीया का?’
भरलीय.
‘मग यील की. च्याला गेला असंल.’

चौथ्या रविवारी तुर्भ्याच्या भंगारातून
अश्फाक पटवेकरने एक बाजूला काढून ठेवला:
बाहेरून लावायचा, विटेएवढा,
पुढे आठ दिवे, खाली बुडालेल्या कुठल्या कंपनीचं स्टिकर.
‘वजनावर घेतलाय, वजनावरच देतो.
नाही चालला तर दाराला लाव.’

कोपरखैरणे, सेक्टर सात, रात्रीचे सव्वाअकरा.
पल्स स्वस्त झालेला.
सिरियल पोर्टात वायर घट्ट पिळली
आणि काळ्या पडद्यावर दोन अक्षरं टाकली,
ए, टी.
म्हणजे एवढंच, की अहो, ऐकताय का.
खालच्या ओळीत,
सीडी न मागता, मालक कोण न विचारता,
ते म्हणालं: ओके.

मी पुन्हा विचारलं. ओके.
उगाचच, आणखी एकदा. ओके.

मग नंबर फिरवला.
आधी ती शिट्टी, मग ती खरखर,
पत्र्यावर कुणी मिरी ओतत असल्यासारखी,
आणि ओट्याजवळच्या जोडफोनचा रिसीव्हर उचलून
आबा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं,
‘हॅलो! कोन बोलतंय?’

पडद्यावर आलं: नो कॅरिअर.

‘काय म्हणतंय?’
मला म्हणायचं होतं, लाइन तुटली.
शब्दाला शब्द लागून निघून गेलं:
वाहून न्यायला कुणी नाही.

त्यांनी रिसीव्हर जपून ठेवला.
हात लेंग्याला पुसले, जे ओले नव्हते.
दाराआडच्या खिळ्यावर त्यांचा आकडा आहे,
गोणीत रुतवायचा, मुठीजवळ झिजलेला.
तिकडे ते बघतील असं वाटलं.
बघितलं नाही.
‘किती किलोचं असतंय?’
काय?
‘जे न्यायचं ते.’

वजन नसतं, आबा.
‘मग हमाली कशाची घेत्यात?’

मला येईना सांगता.
वहीत लिहिलं: चालतो. तारीख टाकली.
परत फिरवला नंबर.
ह्या खेपेला ते खाटेवरच, मांडी घालून,
एकेक लाल दिवा लागेल तसं
पुटपुटत राहिले, थप्पी मोजायचे तसे:
लाभ,
दोन,
तीन,